पानावरलं गाव

कोजागिरी होऊन गेली, पऱ्हाटीची बोंडं उकलायला लागली, तरी त्रेसष्ट सालचा पाऊस अंजनगाव-सुर्जीचा नाद सोडीना. दिवसाआड येऊन शिंपडून जायचा. सकाळी चिखलदऱ्याच्या अंगानं धुई उतरायची, शहानूरच्या पात्रावरून सरकत यायची आणि पानवेलीवर जगणाऱ्या बाऱ्यांच्या पानमळ्यांवर बसली की उन्हं डोक्यावर येईपर्यंत हलायची नाही.

त्या धुईत शालू डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन मळ्याला वळसा घालत होती. मळा तिच्या घरचा. अर्ध्या एकराचा. नवरा गोवर्धन आणि सासू पार्बताबाई दोघं दोन बाया लावून तो पिकवीत. मळ्याचं दार पूर्वेला, घरातून निघालं की सरळ नाकासमोर. पण शालूनं त्या दारासमोरून जायचं नाही, असा पार्बताबाईचा हुकूम होता. तिची सावली आत पडायला नको. म्हणून ती तिन्ही बाजूंनी चिखल तुडवत मागच्या विहिरीवर जायची, टोपली ठेवायची, आवाज द्यायची आणि दहा पावलं मागं सरून उभी राहायची. सगळे जेवून उठले की टोपली घेऊन त्याच वाटेनं परत. आज या फेऱ्यांचा एकविसावा दिवस होता.

पायाला चिखल्या पडल्या होत्या. पण खुपत होतं ते वेगळंच.

झालं होतं असं. पार्बताबाई महानुभाव पंथाची, दरसाल रिद्धपूरला जायची. या वर्षी ती तिकडं गेली आणि गोवर्धन पानाचे करंडे घेऊन अकोटच्या बाजाराला गेला. घरी एकटी शालू, तीही दूर बसलेली. दुपारी वावधान सुटलं. पाठोपाठ आडवा पाऊस. मळ्याची पश्चिमेकडची टाटी, पऱ्हाटी-गवताची चांगली दोन पुरुष उंच भिंत, मोडून आत पडली. वेली आधाराच्या शेवरीवरून सुटल्या, चिखलात लोळायला लागल्या. पानवेल म्हणजे लेकरू. एक रात्र चिखलात पडली की गेली. शालूनं कुडाच्या फटीतून ते पाहिलं. पानमळ्याचं सोवळं तिला कोणी शिकवायला नको होतं, तीही बाऱ्याचीच लेक. चपला बाहेर, खरकटा हात बाहेर, दूर बसलेली बाई तर वाऱ्यालाही नको. ती दारात उभी राहिली, हात जोडले आणि आत घुसली. भर पावसात एकेक वेल उचलली, लव्हाळ्यानं शेवरीला बांधली. सांजेपर्यंत तीन ओळी उभ्या केल्या.

नवऱ्यापासून तिनं काही लपवलं नाही. तो म्हणाला, "बरं केलं. पन मायले नोको सांगू."

दहा दिवसांनी त्याच तीन ओळींत पानांवर डाग उठले. आधी पाण्यात भिजल्यासारखे, तेलकट. मग तपकिरी, मग काळे, कडेनं पिवळी झाक. डाग गोल नव्हते, शिरांच्या मधे कोपरे धरून बसलेले. पंधराव्या दिवशी मधल्या ओळी धरल्या. पार्बताबाईनं डोकं धरलं तेव्हा गोवर्धनला राहवलं नाही. तो बोलून गेला. त्या दिवसापासून शालूला दार बंद झालं.

विहिरीवर पार्बताबाई भाकरी मोडत होती. साठीची बाई, पण पान खुडताना तिचा हात दिसायचा नाही एवढा चलाख. शालूकडं न पाहता बायांना म्हणाली, "आज धाव्या ओळीत गेला रोगाचा पाय. माह्या सासऱ्यानं लावलेला मळा. दुस्काळात नाई मेला, आन आता घरच्याच हातानं मेला."

बाया खाली पाहून जेवत राहिल्या. शालू दहा पावलांवर उभी. पायाच्या बोटानं ढेकूळ फोडत होती. तिला उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण देणार काय? तिच्या मनात तेच होतं. जिथं तिनं हात लावला तिथूनच सुरू झालं, हे तिनंही डोळ्यांनी पाहिलं होतं.

गोवर्धन मात्र स्वस्थ बसला नव्हता. ओल्या फडक्यात डागाची पानं गुंडाळून तो अकोल्याच्या शेतकी कॉलेजात देऊन आला होता. बाविसाव्या दिवशी, धुई निवळता निवळता, हातात पत्र्याची पेटी आणि खांद्यावर लाकडी डबा घेतलेला एक सडपातळ माणूस मळ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. वय पंचविशीचं. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"गोवर्धनभाऊचा मळा हाच ना? मी देवमन तायडे. अकोल्याहून आलो, तुमच्या पानाइसाठी."

पार्बताबाई दारातच होती. "तायडे? कोन्या गावचे?"

"दर्यापूरकडचा."

"कोनाचे म्हंतो मी."

देवमन हसला नाही, रागावलाही नाही. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. "बौद्ध हावो, मावशी."

पार्बताबाईनं दाराची झापली अर्धी ओढून घेतली. "मंग बाहेर बसा. काय पाह्याचं ते बाहेरूनच पाहा."

गोवर्धन कानकोंडा झाला. देवमननं मात्र मुकाट्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि कडुनिंबाखाली पेटी टेकवली. लाकडी डब्यातून त्यानं पितळेची नळी असलेलं यंत्र काढलं, पेटीवर ठेवलं, आरशानं ऊन धरलं. गोवर्धननं आणून दिलेल्या पानाचा डाग पात्यानं कापला, काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, त्यात तो तुकडा बुडवला.

"पाहा."

गोवर्धननं डोळा लावला. "मले तं माह्याच पापन्या दिसून राह्यल्या."

पार्बताबाईनं मान फिरवली. त्याच वेळी शालू टोपली घेऊन वळशाच्या वाटेनं चालली होती. देवमनला घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं हाक मारली, "ताई, तुमी पाहता का?"

शालू थबकली. सासूकडं पाहिलं. कडुनिंब मळ्याच्या बाहेर होता. बाहेर काय करायचं नाही हे अजून कोणी सांगितलं नव्हतं. तिनं टोपली ठेवली, पदर दातात धरला आणि वाकली.

आधी नुसता उजेड. मग पानाची कड दिसली, नदीच्या दरडीसारखी. आणि त्या दरडीतून काहीतरी निघत होतं. सावकाश, न थांबता, पाण्यात पसरत होतं.

"धूर!" ती ओरडली. "अवं, धूर निंगून राह्यला पानातून! आयकलं का, पाहा ना, निरा धूर!"

"तो धूर नाई," देवमन म्हणाला, आणि त्याचाही आवाज चढला, कारण अकोल्यात त्यानं जो अंदाज बांधला होता तो खरा निघाला होता. "ते जंतू हायेत. जित्ते. एका डागात लाखाच्या वर. पानी भेटलं का भाईर पडते."

शालूनं डोळा काढला नाही. लाखाच्या वर! आणि इतके दिवस ती आणि सासू दोघी मिळून एकट्या तिच्या हाताकडं बोट दाखवत होत्या.

"हे येते कुठून?" तिनं विचारलं.

"पावसानं पान फाटलं, टाटी पडून ओरखडलं, का तिथून आत शिरते. भाईर दमट असलं का वाढते. वल्ल्या पानाले जो हात लागते, तो हात पुढच्या पानाले नेऊन देते."

"कोनाचा हात?"

प्रश्न असा आला की देवमननं तिच्याकडं पाहिलं, मग दारातल्या म्हातारीकडं. त्याला कळलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. पत्र्याच्या पेटीत झाकणाच्या काचेच्या बश्या होत्या. तळाला जेली, दह्यासारखी थिजलेली.

"हे जंतूचं जेवन," तो म्हणाला. "पान याच्यावर टेकवाचं, उचलून घ्याचं. तीन दिवसात पानावरचे सगये जंतू आपापल्या जागी उगवतीन, ठिपके दिसतीन. आता पानं कुठून कुठून घेऊ? आतलं मले काई दिसत नाई."

गोवर्धन म्हणाला, "धाव्या ओळीतून देतो. आन एखांदं साफ."

"साफ पान शेयीच्या भगदाडापासचं आना," शालू मागून म्हणाली.

सगळे वळले. तिला स्वतःलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. पण आता थांबता येत नव्हतं.

"उत्तरेकडं शेयीनं टाटी खाल्ली ना, तिथचं. तिथून वारा जाते आत. मी रोज त्याच वाटीनं जातो, फटीतून पाह्यतो. सगया मळ्यात डाग हायेत, भगदाडाच्या दोन्ही बाजूनं चार-चार हात एक पान डागलं नाई. आन जिथं तुमी थंडी लागू नये म्हनून दुहेरी टाटी लावली, तिथं सगयात जास्त. दुपारलोग पानं टिपकून राह्यतात तिथं."

रोज आत राबणाऱ्या एकालाही हे दिसलं नव्हतं. ज्या फेऱ्यांनी तिच्या पायांची चाळण झाली, त्याच फेऱ्यांत तिनं अख्खा मळा तिन्ही बाजूंनी वाचून काढला होता.

देवमन खिशातून वही काढून लिहायला लागला. पेन्सिल मोडेल इतक्या जोरात लिहीत होता. "आनखी? आनखी काय पाह्यलं, ताई?"

"बस एवढंच. पन एक विचारू? त्या जेलीवर हात ठेवता येते का?"

"येते."

"मंग माहा ठेवा."

देवमन चाचरला. "ताई, हे घरातलं..."

"ठेव म्हना तिले!" दारातून पार्बताबाई कडाडली. पहाटेपासून खुडणी करून ती बाहेर आली होती, कोपरापर्यंत ओली. "आन माहा बी ठेवा. चाळीस वर्सं झाले हा हात मळ्यात हाये. पाहू दे दुनियेले कोनाचा हात कसा हाये!"

ती हात धुवायला वाकली तसा देवमन म्हणाला, "धुवू नोका, मावशी. हाये तसाच."

दोन बश्यांत पानं टेकवून उचलली, हातांसाठी आणखी चार मांडल्या. पार्बताबाईनं पाची बोटं दाबली. गोवर्धननं दाबली. शालूनं भाकरी थापलेला हात दाबला. मग पार्बताबाई म्हणाली, "आन तुमचा?"

देवमननं आपलाही हात ठेवला. मघा डागाचं पान त्यानं दोन बोटांत धरलं होतं. ते आठवूनही त्यानं हात पुसला नाही.

बश्यांना ऊब हवी होती. शालूच्या चुलीमागं एक कोनाडा होता, मिठाच्या मडक्याचा. मडकं हलवून तिथं पेटी ठेवली. बश्यांची झाकणं उघडायची नाहीत, एवढंच सांगून देवमन शेजारच्या गावांचे मळे पाहायला निघून गेला.

ते तीन दिवस शालूला कसे गेले ते तिचं तिला माहीत. पीठ मळता मळता ती उठायची, पेटीचं झाकण किलकिलं करून काचेतून पाहायची. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साफ पानाच्या बशीत मोहरीएवढा एक गुलाबी ठिपका. ती चुलीसमोर एकटीच हसली. दुपारी शेजारी आणखी एक, केशरी. सांजेला तिनं नवऱ्याला ओढत आणलं. "हे पाहा, हे सकाऊन नोतं!" भाजी करपली त्या दिवशी. पार्बताबाई करपलेलीच भाजी जेवली. जेवून उठताना मात्र तिची नजर कोनाड्याकडं गेली.

तिसऱ्या दिवशी देवमन आला. कडुनिंबाखाली घोंगडी अंथरली आणि बश्या एका ओळीत मांडल्या. खुडणीच्या बायाही गोळा झाल्या.

शेळीच्या भगदाडाजवळचं पान आधी. बशीत पानाचा अख्खा आकार उठला होता, आणि तो आकार रंगांनी भरलेला. गुलाबी, केशरी, दुधी, पांढरे, दोन-तीन पिवळे. बहिरमच्या जत्रेत मण्यांचं दुकान मांडावं तसं.

"बाप्पा!" एक बाई म्हणाली. "हे सगये रोगट?"

"नाई, हे नांदते. साफ पानावर अख्खं गाव असते. ऊन लागलं का काई मरते, वारा आला का काई सुकते, कोनाले पाय पसराले जागा भेटत नाई. आता हे पाहा."

दहाव्या ओळीतलं पान. इथंही पानाचा आकार होता, पण सगळा एकच रंग. पिवळा. मधासारखा चिकट, एकात एक मिसळून गेलेला. गुलाबी नाही, केशरी नाही. कोपऱ्यात कुठं एखादा पांढरा ठिपका दबून बसलेला.

शालू गुडघ्यावर बसली. "गाव उठलं," ती हळूच म्हणाली. "एकाचंच राज झालं."

"तेच! दुहेरी टाटी, वरून हा पाऊस, धुई. आत वारा नाई. पान सुकतच नाई. त्याले पायजे तसंच हवामान आपन करून देल्लं."

"आन ते रंगवाले राह्यले असते तं त्याइनं याले रोखलं असतं का?"

देवमननं वही पुन्हा काढली. मग त्याचे डोळे चमकले. "ते मले माईत नाई. अकोल्यात कोनी सांगन असं बी वाटत नाई. पन पाह्यलं पायजे, ताई. हे पाह्यलंच पायजे!"

आता हात. त्यानं पार्बताबाईची बशी पुढं केली.

पाच बोटं उठली होती. पाचीच्या पाची पिवळी, मधाच्या चिकटीनं माखलेली. बाया पाहत राहिल्या. शेजारी गोवर्धनची बशी, तशीच. देवमनची बशी बरीचशी पांढरी, पण दोन बोटांच्या जागी पिवळं. "पान धरलं होतं मी. मले आत घेतलं असतं तं म्या बी नेला असता." मग शालूची. तुरळक पांढरे ठिपके, एक गुलाबी. पिवळं काहीच नाही.

पार्बताबाई खाली बसली. आपला हात उताणा केला, पाहिला. रेषारेषांत पानाचा हिरवा रंग मुरलेला, चाळीस वर्षांचा.

"मंग माह्या हातानं गेला?" तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "पह्यल्या ओळीपासून धाव्यापर्यंत... मीच नेला?"

"तुमच्या एकटीच्या नाई. पहाटे धुईत जे जे हात खुडून राह्यले होते, त्या सगयाइनं. ताईले तुमी भाईर ठेवलं, म्हनून तिचा साफ राह्यला."

शालूनं आपल्या हाताची बशी जवळ ओढली. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला सुटका नव्हती. "त्या दिवशी पावसात म्या वेली बांधल्या. वल्ल्याच होत्या. तवा?"

देवमननं खोटं सांगितलं नाही. "तवा तुमी बी नेला असन. एका वेलीवरचा दुसरीवर."

"इटाळानं?"

"पान्यानं. बांधल्या नसत्या तं त्या वेली त्याच दिवशी मेल्या असत्या."

शालूनं मान हलवली. हे तिला झेपत होतं. एवढं खरं ती उचलू शकत होती.

काय करायचं ते देवमननं सांगितलं. दुहेरी टाटी काढा, दर पंधरा हातांवर वाऱ्याला वाट ठेवा. डागाच्या वेली मुळापासून काढून जाळा. पाणी अर्ध्यावर आणा. आणि पान सुकल्याशिवाय कोणी मळ्यात पाऊल टाकू नका.

"म्हंजे खुडनी धा वाजता?" गोवर्धन म्हणाला. "अकोटची गाडी नवाले जाते."

"मंग आदल्या दिवशी दुपारी खुडा," शालू म्हणाली. "करंड्यात केळीचं पान घालून ठेवू, काई होत नाई."

"पन काढाच्या वेली कोन्या ते आतूनच ठरवा लागीन," देवमन म्हणाला आणि थांबला. गोवर्धननं आईकडं पाहिलं. पार्बताबाई हातावरची नजर न उचलता बसून होती. तशीच म्हणाली, "चपला भाईर काढा म्हना. आमी बी काढतो."

देवमननं चपला काढल्या, गोवर्धनच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि वाकून आत गेला.

दोन दिवस मळ्यात कोयते चालले. पाच ओळी मुळापासून गेल्या, पुढच्या ओळींतल्या डागाच्या वेलीही गेल्या. पश्चिमेकडं शेवरीचे नुसते खांब उरले आणि जाळलेल्या वेलींचा कडवट धूर सुर्जीच्या गल्ल्यांतून फिरला. पार्बताबाईनं प्रत्येक वेल स्वतः उपटली, कोणाला हात लावू दिला नाही. सासऱ्याच्या हातची एक जुनी वेल उपटताना ती मोठ्यानं रडली. मग पदरानं तोंड पुसून पुढच्या वेलीला भिडली. टाटी उघडली तसं मळ्यात कधी नव्हे ते ऊन पट्ट्यापट्ट्यानं पडलं. उरलेल्या वेली वाऱ्यानं हलायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुई होतीच. खुडणीच्या दोन्ही बाया सवयीनं पहाटेच आल्या. पार्बताबाई दारात आडवी बसली होती. "बसा. पान सुकू द्या." दहा वाजता ऊन आत उतरलं. तिनं उठून एका पानावर बोट फिरवलं, बोट गालाला लावून पाहिलं. कोरडं.

शालू घराच्या दारात उभी होती, टोपलीविना. आज ती मळ्याकडं येणारच नव्हती. सकाळीच तिला कळलं होतं, आणि घोंगडी वेगळी टाकलेली सासूनंही पाहिली होती.

पार्बताबाईनं हाक मारली, "अवं शालू!"

शालू कडुनिंबापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"आज दूर बसली ना तू?"

"हो, आत्याबाई."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. पार्बताबाईचा हात झापलीवर होता. मळ्यात कुठंतरी वाऱ्यानं पानं सळसळली.

"हात कोल्ले हायेत का तुहे?"

शालूनं दोन्ही हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि कोरडेठाक पुढं धरले. "कोल्ले हायेत."

पार्बताबाईनं झापली सारली. "मंग चाल. इतलं काम पडलं हाये."